झाडाला काय काय येतं

खोपकर सरांसमोर कुठलीही वस्तू आली की 'हे काय आहे' असं ते विचारत नसत. 'ह्याला काय काय येतं?' असं विचारत. अंधेरीच्या ऑफिसात माझ्या पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये त्यांनी माझ्या नाकासमोर चमचा धरला आणि हाच प्रश्न टाकला. मी नवी, घाबरलेली, त्यात सकाळपासून उपाशी. म्हटलं, सर, ढवळता येतं. आणखी? मापता येतं. आणखी? म्हटलं, सर, जेवता येतं, जेवू का? ते हसले नाहीत. जेव म्हणाले, पण चमच्याची लांबी-रुंदी सांगत बसली नाहीस हे बरं केलंस, एवढी पावती देऊन ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले. हा माणूस अर्धवट आहे असं माझं मत झालं. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावरही ते मत फारसं बदललं नाही. त्यात थोडी माया मिसळली, इतकंच.

सर जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही आणि सांगायचंही नाही. मधुकर खोपकर, ऑफिसात खोपकर सर, गावात मधुभाऊ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम कोरडं. जेवणानंतर घरच्या वाडीतल्या सुपारीचं एक खांड तोंडात टाकायचे आणि ते चघळून संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. मीटिंगा बरोबर त्याच वेळी लावायच्या हे आम्ही लवकर शिकलो.

आमचं काम डेटाबेसचं. बँका, विमा कंपन्या, कारखाने आपली माहिती ज्या तक्त्यांत ठेवतात, ते तक्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. आडव्या ओळी, उभे रकाने. जगातली कुठलीही गोष्ट त्या चौकटीत बसली पाहिजे. बसत नसेल तर कापून बसवायची. सरांच्या टीमकडे काम होतं ते ह्या चौकटीत नवं काहीतरी घालण्याचं. रकान्यात नुसता आकडा किंवा नाव न ठेवता अख्खी वस्तू ठेवता यावी, तिचे गुण तिच्यापाशी असावेत, तिला काय येतं तेही तिच्यापाशीच असावं, आणि एका प्रकारातून दुसरा प्रकार निघावा, पोरानं बापाचं घ्यावं तसा. सगळं जग ह्याला ऑब्जेक्ट म्हणायचं. सर 'वस्तू' म्हणायचे आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायचे, देवाचं नाव घेतल्यागत.

नव्या पोरांना ते नारळाचं उदाहरण देत. म्हणायचे, नारळ घरात आला की तुम्ही काय करता? शेंडी एका फडताळात, करवंटी दुसऱ्यात, खोबरं तिसऱ्यात, पाणी चौथ्यात. मग गिऱ्हाईक आलं की म्हणता, थांबा हं, नारळ जोडून देतो. हे तुमचं टेबल! पोरं हसायची. सर हसायचे नाहीत, कारण त्यांना ते खरंच दुःख होतं.

त्यांच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एकच होता. वस्तू आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन जन्माला येते. तिचं नाव बदलेल, जागा बदलेल, मालक बदलेल, ओळख बदलणार नाही. म्हणून जन्मतःच तिला एक नंबर द्यायचा. ती संपली की तो नंबर बंद. पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. 'मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड दुसऱ्याला देता का?' असं विचारायचे. (देतात सर, म्हणावंसं वाटायचं, पण सुपारीची वेळ नसली तरी त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नसे.)

पुढे हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये आलं. माहितीपुस्तकात त्याचं जाडजूड प्रकरण छापलं गेलं. ते प्रकरण कोणी उघडलं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, आमचं साध्या टेबलांवर भागतंय की. सरांनी हार मानली नाही. एका विमा कंपनीत जाऊन जाऊन त्यांनी तिथल्या लोकांना पटवलं, प्रकार कसे करायचे ते शिकवलं, आणि सहा महिन्यांनी आनंदाने बघायला गेले. मीही बरोबर होते. त्या लोकांनी एकच प्रकार केला होता. त्याचं नाव 'इतर'. कुठल्याच रकान्यात न बसणारं सगळं त्यात एका लांबलचक ओळीत कोंबलेलं. तिथला साहेब म्हणाला, फार उपयोगी आहे हो तुमचं, पूर्वी हे कुठे टाकावं कळत नव्हतं. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

निवृत्तीच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि दोन शब्द बोला म्हटलं. ते उठून म्हणाले, "माझं काम पूर्ण झालेलं आहे. फक्त सुरू व्हायचं बाकी आहे." लोकांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या.

*

सर मूळचे दिवेआगरच्या बाजूचे. समुद्राला लागून वाडी, घर वाडीत. निवृत्तीनंतर शुभावहिनींना घेऊन ते तिथे येऊन राहिले. योगायोग असा की माझं सासर तिथून जवळच्याच बोर्लीचं. सासूबाईंच्या आजारपणात आम्ही मुंबई सोडून आलो ते इकडचेच झालो. मी नाक्यावर कॉम्प्युटर क्लास काढला आणि आजूबाजूच्या सोसायट्यांची बारीकसारीक कामं घेऊ लागले. सरांच्या गावच्या बागायतदार सोसायटीचं काम त्यातलंच.

ह्या सोसायटीला कुठलं झाड कोणाचं हे रोज लागतं. पाटाचं पाणी त्यावर, खतं त्यावर, रोपं त्यावर, सुपारी एकत्र विकायची तीही त्यावर. आणि आमच्याकडे ते काही सरळ नसतं. जमीन एका भावाची, तिच्यावरचा माड दुसऱ्याचा, सुपारीच्या पोफळीवर चढलेली मिऱ्यांची वेल तिसऱ्याच्या बायकोची. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेल्या बहिणीला बापाने किंवा भावाने चार माड नेमून दिलेले असतात. जमीन भावाचीच राहते, पण त्या माडांचं उत्पन्न तिचं, ती आहे तोवर. हे कुठल्या सरकारी कागदावर नसतं. गावाला माहीत असतं, आणि सोसायटी ते पाळते.

मी ह्यासाठी एक साधं टेबल केलं होतं. गट नंबर, कितवी रांग, रांगेतलं कितवं झाड, आणि पुढे कोणाचं. काम चाललं होतं. सरांनी एकदा ते उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे तू केलंस?" मी हो म्हटलं. "असू दे," म्हणाले. एवढा अपमान माझा सासूबाईंनीही कधी केला नव्हता.

पण सरांचं नशीब तिथेच उघडलं. वाडीत हिंडता हिंडता त्यांच्या लक्षात आलं की आपण आयुष्यभर जे लोकांच्या गळी उतरवत होतो, ते ह्या लोकांना आधीच ठाऊक आहे. झाड ही वस्तू, जमीन ही वेगळी वस्तू, वेल ही तिसरीच. एकात एक, पण ज्याची त्याची. पोरासारखे नाचायचे बाकी राहिले होते. त्यांनी अध्यक्षांना गाठलं, फुकट करून देतो म्हणाले. फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणतंय?

आमच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये झाड नावाचा प्रकार केला. त्यातून माड आणि पोफळ निघाले. पत्र्याचे बिल्ले पाडून घेतले, प्रत्येकावर नंबर, आणि वाडी-वाडीत जाऊन काथ्याच्या दोरीने झाडाला बांधले. खिळा मारू दिला नाही. मालकांना, माड उतरवणाऱ्या गड्यांना आपला प्रश्न विचारत फिरले: ह्याला काय काय येतं? एक गडी वरूनच ओरडला, पडायला येतं, भाऊ, बाजूला व्हा! सरांनी तेही लिहून घेतलं. झाडाला लागता येतं, फळता येतं, वठता येतं, पडता येतं. झाड पडलं की त्याने स्वतःच स्वतःचा नंबर बंद करायचा आणि त्या नंबरावर ज्यांचे हक्क असतील ते मोकळे करायचे. नवं झाड लागलं की ज्याची जमीन त्याच्या नावावर, पुढे कोणाला द्यायचं ते द्या. सगळं आखीवरेखीव.

केळीने मात्र त्यांना रडवलं. केळ एकदा फळते, मग तिला तोडतात, आणि बाजूने आलेलं पिल्लू वाढतं. आता ते पिल्लू म्हणजे तीच केळ की दुसरी? त्याचा नंबर जुना की नवा? महिनाभर ह्या प्रश्नाने त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. शुभावहिनी शेवटी म्हणाल्या, अहो, केळफुलाची भाजी आवडते ना, मग खा आणि गप्प बसा. सरांनी केळ यादीतून वगळली. त्यांनी एखाद्या अडचणीला वळसा घातलेला मी पाहिला तो तेवढाच.

दोन-तीन वर्षं सिस्टीम छान चालली. हे मी कबूल करते. पाण्याच्या पाळीवरून भांडणं कमी झाली. बिल्ल्याच्या नंबरावरून मिरवेलीचा मालकसुद्धा निघायचा. बातमी पसरली. मुरुडच्या बागायतदारांनी विचारणा केली, तळ्याहून फोन आला. सर मला म्हणाले, नीता, सुरू झालं बघ. तेव्हा त्यांचं वय सत्तरच्या पुढे होतं, आणि त्या दिवशी ते सुपारी तोंडात असताना बोलले.

*

मग चक्रीवादळ आलं. लॉकडाऊनचं वर्ष होतं, आधीच सगळं ठप्प. दुपारभर वारा चालला आणि संध्याकाळी दारं उघडली तेव्हा वाड्याच नव्हत्या. वाडीत उभं राहिलं की पूर्वी आभाळ तुकड्या-तुकड्याने दिसायचं. आता सगळंच्या सगळं दिसत होतं. पोफळी मधेच मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. मी चौथ्या-पाचव्या दिवशी सरांकडे पोचले तर ते ओंडक्यांवरून चढत-उतरत बिल्ले गोळा करत होते. हातात पिशवी, ती पत्र्याने भरलेली. मला बघून म्हणाले, बस, चहा घे, आणि पुढच्या झाडाकडे गेले. शुभावहिनींनी सांगितलं की रात्री झोपेत नंबर म्हणतात. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला झाडांपेक्षा नंबरांचं दुःख आहे असं कोणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. त्याच्यापाशी ती दोन दुःखं वेगळी नव्हतीच.

वीज आल्यावर त्यांनी एकेक झाड पडलं म्हणून नोंदवलं. सिस्टीमने शिकवल्याप्रमाणे काम केलं, नंबर बंद केले, हक्क मोकळे केले. पावसाळ्यात नवी रोपं यायची होती. कोणाला किती रोपं, कुठे लावायची, ह्याची यादी निघाली. त्या यादीत आक्काचं नाव नव्हतं.

आक्का म्हणजे सरांच्या शेजारच्या वाडीतली. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली. भावाने विहिरीकडचे चार माड तिला नेमून दिले. सर लहान असताना तिच्या कडेवर वाढलेले. त्या माडांवर तिने जन्म काढला. नारळ विकायचे, झाप विणायचे, हीर काढून केरसुण्या करायच्या. भाऊ गेला, भाऊजय गेली, आता वाडी भाच्याची, सुधीरची. सुधीर वाईट माणूस नाही. तो तिला दोन वेळचं जेवण घालतच होता. पण आक्का त्याच्या हातावर दर महिन्याला आपले नारळ ठेवायची आणि मगच पाटावर बसायची. त्या चार माडांमुळे ती त्या घरात आश्रित नव्हती. माड गेले, यादीतून नाव गेलं, आणि आता ती जेवायला बसताना अंग चोरून बसते असं शुभावहिनींनी मला सांगितलं.

सुधीरला विहिरीकडची ती जागा हवी होती. पर्यटक येतात, दोन खोल्या बांधायच्या. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. यादी निघाल्यावर तो उघडपणे म्हणाला की आत्याचा हक्क झाडावर होता, झाडं पडली, कॉम्प्युटरही तेच म्हणतोय.

सरांना मी विचारलं. ते म्हणाले, नियमाने बरोबर आहे. आवाज नेहमीचाच, पण माझ्याकडे बघून बोलले नाहीत. ज्या हक्काला वस्तूच उरली नाही तो हक्क कशाला धरून राहणार, असं काहीतरी पुढे बोलले. मी वाद घातला नाही. माझ्या जुन्या टेबलात हे झालंच नसतं, हे माझ्या मनात आलं होतं. तिथे झाड रांगेवरून ओळखलं जायचं. पडलं काय आणि नवं लावलं काय, तिसऱ्या रांगेतला पाचवा माड आक्काचा तो आक्काचाच राहिला असता. पण ज्याच्या मांडवाचा खांबच पडलाय त्या माणसाला हे सांगायचं कोणी?

ते त्यांचं त्यांनाच कळलं, आणि अगदी फालतू कारणाने. मोटारकरवत घेऊन माणसं ओंडके कापायला आली होती. सर पायरीवर बसून कुठला आधी, कुठला नंतर सांगत होते. एका आडव्या माडापाशी करवत आली तसे म्हणाले, तो राहू दे रे, तो आजोबांचा माड आहे. शुभावहिनी आत तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आजोबांचा कुठला? तो मामंजींनी लावलेला ना? शाळेतून आल्यावर त्याला कळशीने पाणी घालायचात, तुम्हीच सांगता."

"हो," सर म्हणाले. "आजोबांचा वठला म्हणून त्याच आळ्यात बाबांनी हा लावला. म्हणून हा आजोबां..."

आणि थांबले.

मग उठून आत गेले आणि कॉम्प्युटर लावला. मी मागे गेले. त्या झाडाची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. लावणारा: आजोबा. दोन झाडं, एक नंबर. ज्या माणसाने जगाला शिकवलं की मेलेल्याचा नंबर पुन्हा द्यायचा नाही, त्याने आपल्या वाडीतल्या पहिल्याच झाडाला तो दिला होता, आणि देताना त्याला काही वावगंही वाटलं नव्हतं. कारण आमच्याकडे असंच बोलतात. माड वठतो, पडतो, दुसरा लावतात, आणि आळ्याला, पाण्यासाठी बुंध्याभोवती केलेल्या त्या खळग्याला, चिकटलेलं नाव नव्याला लागतं.

बाहेर करवत बंद झाली होती. माणसं विचारायला आली, कापायचा का? सर कापा म्हणाले.

*

सोसायटीची सभा पत्र्याच्या शेडमध्ये झाली. निम्मे पत्रे उडालेले, उरलेल्यांखाली सगळे दाटीवाटीने. रोपांची यादी मंजूर करायची होती. आणखी एक गोष्ट होती. मुरुडहून दोघं जण सिस्टीम बघायला आले होते. त्यांच्याकडे मंजूर झाली असती तर पुढे सगळ्या किनाऱ्यावर गेली असती, अध्यक्ष तसं म्हणतही होते. सरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आक्का नव्हती. ती सभासद नाही, सभासद भाऊ होता.

एका म्हाताऱ्या बागायतदाराने आक्काचा विषय काढला. सुधीर उठला आणि शांतपणे म्हणाला, "आत्येचं नाव मी काढलं न्हाय. मधुकाकांच्या सिस्टीमनं काढलंय. ती चुकत न्हाय असं आपणच म्हणतो. मग आता का चुकली म्हणायचं?"

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. मुरुडच्या दोघांनीही पाहिलं. मला खरं सांगायचं तर वाटलं, सर आता हो म्हणतील. नुसतं हो म्हणायचं होतं. नियम त्यांच्या बाजूने होता, सगळं आयुष्य त्यांच्या बाजूने होतं.

सर उठले. "सिस्टीम चुकली नाही," म्हणाले. "तिला मी जे शिकवलं ते तिने केलं. मी चुकीचं शिकवलं. मी झाडाला ओळख दिली. आपल्याकडे ओळख आळ्याला असते. झाड त्यात येतं आणि जातं." मग त्यांनी आजोबांच्या माडाची गोष्ट सांगितली, लावणारा कोण, नोंद कोणाची, सगळं. स्वतःला वगळलं नाही. म्हणाले, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वाडीत असा एक तरी माड आहे, आणि तुम्ही त्याला जुन्याच नावाने हाक मारता. मग आक्काच्या वेळेला नियम वेगळा कसा?

मागून एक जण म्हणाला, आमच्या दारचा 'काशीचा माड' तिसरा हाय. एकेक जण बोलू लागला. सुधीर खाली बघत होता. त्याने विचारलं, मग माझ्या खोल्या? अध्यक्ष म्हणाले, रस्त्याकडे बांध की, पर्यटकांना तिथून समुद्रच दिसेल, इथे विहीर बघायला कोण येतंय. लोक हसले. सुधीरही थोडा हसला. हक्क आळ्यावर राहील असं ठरलं.

मुरुडच्या माणसांनी चहा घेतला आणि विचारलं, म्हणजे मग ही सिस्टीम? सर म्हणाले, ही नाही चालणार. साधं टेबल करा, ह्यांना विचारा, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ते परत आले नाहीत, सरांकडेही नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत.

घरी जाताना सरांनी विचारलं, तुझं जुनं टेबल आहे का गं? होतं. मी ते कधीच पुसलं नव्हतं. त्यांनी असं विचारावं ही माझी कितीतरी दिवसांची इच्छा असायला हवी होती. पण मला अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सिस्टीम काढून टाकली. मी म्हटलं, सर, मी करते. नको म्हणाले. ह्या सॉफ्टवेअरची एक रीत आहे: एखादा प्रकार काढायला गेलं की ते नकार देतं, ह्याच्यावर अजून अमुक अमुक अवलंबून आहे म्हणून सांगतं. एक शब्द पुढे जोडला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं एका झटक्यात जातं. मी तो शब्द सुचवला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला उठले. ते एकेक करत राहिले. आधी वेली सोडवल्या, मग पोफळी, मग माड. प्रत्येक वेळी मशीन नाही म्हणायचं, ते कारण वाचायचे, ते दूर करायचे, पुन्हा विचारायचे. दुपार गेली. शेवटी झाड राहिलं. त्याच्यावर आता काहीच अवलंबून नव्हतं. ते निमूट गेलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, चहा गार झाला का?

*

रोपं आली ती चांगली पावसाची झड लागल्यावर. वाटप त्याच शेडमध्ये. यादी माझ्या टेबलावरून निघालेली, गट, रांग, कितवं, कोणाचं. मी नावं वाचत होते आणि सर ओल्या फरशीवर उभे राहून रोपं देत होते. हे त्यांचं काम नव्हतं, पण ते सकाळपासून आले होते. त्यानंतर महिन्याभरात ते इलाजासाठी मुलीकडे पुण्याला गेले आणि परत आले नाहीत, म्हणून त्या दिवसाचं मला जास्त आठवतं.

आक्का आली, कमरेत वाकलेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मी नाव वाचलं. तिने चारही रोपं एकेक करून निरखली आणि एक परत ढकललं. ह्ये किडकं हाय, म्हणाली. सरांनी बदलून दिलं. मग ती माझ्या टेबलापाशी आली, कॉम्प्युटरकडे जरा वेळ बघत राहिली आणि त्याच्यावर हलकेच हात ठेवला.

"मधू," म्हणाली, "लोकं काय काय बोलत व्हती, मधूच्या मशिनीनं माझं नाव काढलं म्हणून. मी म्हटलं, न्हाय, मधूनं केलीय ती, असं करायची न्हाय. बघ, दिलं का न्हाय माझं मला? लई चांगली केलीस हो."

मी तोंड उघडलं होतं. सरांनी माझ्याकडे बघून नुसती 'नको' अशी मान हलवली.

"हो आक्का," म्हणाले.

मग त्यांनी चारही रोपं उचलली, दोन ह्या हातात, दोन त्या हातात, आणि तिच्याबरोबर वाडीकडे निघाले. ती वाटेने त्यांना बजावत होती, खड्डा खोल घे, मीठ घाल, आळं मोठं कर. ते हो हो म्हणत होते. सरांच्या सिस्टीमला कोणी चांगली म्हणालेलं मी ऐकलं ते एवढं एकदाच.